घराची फरशी बदलताना : माप, सामान आणि खर्चाचा हिशेब



बँकेतून निवृत्त झालो तरी लोक पैशाचे प्रश्न विचारायचे सोडत नाहीत. त्यातला सध्याचा नेहमीचा प्रश्न म्हणजे, ‘घराची फरशी बदलायची आहे, किती खर्च येईल?’ हा प्रश्न गवंड्याला विचारायचा सोडून मला का, तर त्याच्या उत्तरावर ठेव मोडायची, कर्ज काढायचं की मुलाला पुण्याला फोन करायचा हे ठरणार असतं. म्हणजे प्रश्न फरशीचा दिसला तरी खरा प्रश्न शिलकीचा आहे. आपल्यापैकी बरेच जण निवृत्तिवेतनावर किंवा ठेवींच्या व्याजावर राहतात. तीस हजार धरलेलं काम सत्तर हजारांवर गेलं, तर वरचे चाळीस कुठून आणायचे?

आणि हे होतं कसं, तर दुकानात टाइलचा भाव सांगतात ४५ रुपये चौरस फूट. घर साधारण ४०० फुटांचं. चारशे गुणिले पंचेचाळीस म्हणजे १८ हजार, मजुरीचे दहा-बारा हजार, झाले तीस! हा हिशेब कागदावरसुद्धा नसतो, दुकानातून बाहेर पडतानाच डोक्यात झालेला असतो. कर्ज विभागात काम करताना घरदुरुस्तीच्या अर्जांना जोडलेली अंदाजपत्रकं मी पुष्कळ पाहिली. बऱ्याच कागदांवर एकच ओळ असायची, ‘फरशी काम, एकूण रुपये अमुक’. किती फूट, किती पेट्या, किती सिमेंट, काही नाही. असा कागद परत पाठवला की अर्जदाराला वाटायचं, साहेब त्रास देतात.

खाली मी एक उदाहरण पूर्ण मांडतो. घर आपल्याकडचं नेहमीचं : शहापूर-वडगावच्या बाजूचं जुनं, जाड भिंतींचं, जमिनीला शहाबादी फरशी. दर मी हिशेबापुरते धरले आहेत. ते बाजारात रोज बदलतात, म्हणून तिथे तुमच्या दुकानदाराचे आणि गवंड्याचे आकडे घाला. पद्धत मात्र तीच राहते.

आधी माप

सोपा १४ × १० फूट, माजघर १२ × १०, स्वयंपाकघर १० × ९, आणि मधला बोळ १० × साडेतीन. म्हणजे १४० + १२० + ९० + ३५, एकूण ३८५ चौरस फूट.

इथे बरेच जण थांबतात. पण जुन्या घरात भिंत चौदा इंच जाड असते आणि दाराखाली तेवढी जमीन असते. तीन आतली दारं, प्रत्येकी तीन फूट रुंद, म्हणजे साडेदहा चौरस फूट आणखी. बेरीज ३९५.५, आपण ३९६ धरू.

माप घेताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली अगदी शाळेतली आहे, पण तिथे चांगले शिकलेले लोक फसतात. दहा फूट सहा इंच म्हणजे १०.६ नव्हे, १०.५. इंचांना बाराने भागायचं, दहाने नाही. नऊ इंच म्हणजे ०.७५. दुसरी गोष्ट, जुन्या घरातली खोली काटकोनात असेलच असं धरू नका. लांबी दोन्ही भिंतींजवळ आणि मध्ये अशी तीनदा मोजा आणि मोठं माप धरा. मग टेपाने दोन्ही कर्ण मोजा. १४ × १० ची खोली काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण १७ फूट अडीच इंच भरतील. एक सतरा आणि दुसरा साडेसतरा भरला, तर एका भिंतीकडे पाचरीसारखे तिरके तुकडे कापावे लागणार, म्हणजे नासधूस जास्त होणार हे आत्ताच कळलं.

‘दोन बाय दोन’ खरोखर दोन बाय दोन नसते

माझ्या मते सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथे आहे. आपण जिला दोन बाय दोनची टाइल म्हणतो ती ६०० × ६०० मिलिमीटरची असते. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. फरक दिसायला दहा मिलिमीटरचा, पण एका टाइलचं क्षेत्रफळ ४ चौरस फूट न भरता ३.८७ भरतं. चार टाइलांची पेटी १.४४ चौरस मीटरची असते, म्हणजे १५.५ चौरस फूट. बोलताना मात्र पेटी ‘सोळा फुटांची’ म्हटली जाते. भाव फुटावर असेल तर दुकानदाराला सरळ विचारा, पेटी किती फुटांची धरून बिल करणार? सोळाची धरली तर ४५ च्या भावाने पेटीमागे साडेबावीस रुपये हवेचे जातात. माझा सल्ला, भाव फुटावर ऐका, पण सौदा पेटीवर करा. पेटीवर क्षेत्रफळ छापलेलं असतंच.

आता नासधूस. साध्या चौकोनी खोलीत सरळ ओळीत टाइल लावायच्या असतील तर पाच टक्के जादा पुरतात. जुन्या घरात आठ ते दहा धरा. तिरकी, म्हणजे शंकरपाळ्यासारखी बसवायची हौस असेल तर बारा ते पंधरा. शहाबादी किंवा कोट्याच्या दगडालाही दहा टक्के धरावेत, कारण कडा फुटलेल्या असतात आणि कापून सरळ कराव्या लागतात.

आपल्या उदाहरणात आठ टक्के धरले तर ३९६ चे सुमारे ४२८ होतात. त्याला ३.८७५ ने भागलं की १११ टाइल. अजून भिंतीच्या बुडाची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, राहिली. चारही खोल्यांचा घेर १५७ फूट. त्यातून दारांचे २४ फूट आणि ओट्याखालचे ८ फूट वजा केले की १२५ फूट राहतात. एका टाइलमधून चार इंची सहा पट्ट्या निघाव्यात असं वाटतं, पण करवतीची जाडी जाते, म्हणून पाचच निघतात. त्या जोडल्या की दहा फुटांना थोडं कमी. १२५ फुटांना १३ लागतील, एखादी फुटेल म्हणून १४ धरा. एकूण १२५ टाइल, म्हणजे ३२ पेट्या, आणि एक पेटी घरात ठेवायला. ३३ पेट्या.

आता दुकानातून बाहेर पडतानाचा हिशेब पाहा. ३८५ भागिले ४, म्हणजे ९७ टाइल, पंचवीस पेट्या. खऱ्या गरजेपेक्षा आठ पेट्या कमी.

आठ पेट्या नंतर आणता येतील असं कोणी म्हणेल. आपल्याकडे येणारा बराच माल गुजरातेतल्या मोरबीचा असतो आणि भट्टीच्या प्रत्येक पाळीत रंगात आणि मापात किंचित फरक पडतो. म्हणून पेटीवर बॅच आणि शेडचा क्रमांक असतो. माझ्या ओळखीच्या एका घरात असंच झालं. सोपा आणि माजघर झाले, स्वयंपाकघरात माल संपला. त्याच नावाची, त्याच नक्षीची टाइल महिन्याने मिळाली, पण शेड वेगळी. नेमकी ओट्यासमोर रेघ पडली आहे, आणि ती घरच्या वहिनींना रोज दिसते. त्या घरात गवंडी आठ दिवस अडकून पडला त्याची खाडेपट्टी वेगळी, आणि राहिलेल्या पैशांसाठी दोन लाखांची ठेव मुदतीआधी मोडली ती वेगळीच. तेव्हा सगळा माल एकाच वेळी घ्या आणि उतरवताना प्रत्येक पेटीवरचा क्रमांक स्वतः वाचा. टेम्पोवाला घाईत असतो, त्याला चहा द्या, पण क्रमांक वाचा.

आलेखाच्या वहीवर एक संध्याकाळ

टक्केवारी ही ढोबळ गोष्ट आहे. एका चौकोनाला एक टाइल मानून आलेखाच्या वहीत खोली काढली की वेगळंच चित्र दिसतं. आपला सोपा दहा फूट रुंद आहे. ‘दोन बाय दोन’च्या पाच टाइल बरोबर बसतील असं वाटतं. प्रत्यक्षात दहा फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर, आणि पाच टाइल सांध्यांसकट ३००८ भरतात. चाळीस मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाची फट राहते. लांबीतही सात टाइलांनंतर दोन इंचांची फट राहते.

याला दोन मार्ग. पहिला, टाइल मधोमध घेऊन रुंदीतली फट दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच वाटून टाकायची, ती स्कर्टिंगच्या जाडीखाली बरीचशी झाकते. लांबीतली दोन इंची पट्टी मात्र कापून बसवावी लागते, ती कपाटाच्या किंवा दिवाणाच्या बाजूला ढकलायची. यात सोप्याला ३७ टाइल पुरतात. दुसरा मार्ग, दोन्ही बाजूंना सारखे साडेबारा इंची तुकडे यावेत अशी मांडणी करायची. दिसायला ही उत्तम. पण मग रुंदीत सहा आणि लांबीत आठ अशा ४८ टाइल लागतात, कारण उरलेला अकरा इंची तुकडा दुसऱ्या बाजूला पुरत नाही. आपण टक्केवारीने सोप्याला ३९ च धरल्या होत्या. गवंड्याने कामाच्या दिवशी ‘साहेब, सारखे तुकडे घेऊ, छान दिसेल’ म्हटलं आणि आपण मान डोलावली, की एका खोलीत नऊ टाइल कमी पडल्या!

पण त्यातही एक गंमत आहे. ते अकरा इंची उरलेले तुकडे फेकायचे नसतात. प्रत्येकातून चार इंचांच्या दोन पट्ट्या निघतात. सोप्यातल्या अशा वीस तुकड्यांतून चाळीस पट्ट्या, म्हणजे सुमारे ७८ फूट स्कर्टिंग. त्यासाठी वेगळ्या धरलेल्या आठ टाइल वाचल्या. म्हणजे जादाचा खर्च जवळजवळ फिटला, मात्र हे आधी ठरलेलं असेल तरच. नाहीतर गवंड्याचा पोरगा ते तुकडे राडारोड्यात टाकतो आणि स्कर्टिंगसाठी नवी पेटी फोडतो. हे मी दोन-तीन घरांत पाहिलं आहे, आणि त्यात त्या पोराचा काही दोष नाही. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

टाइलखालचं सामान

टाइलखाली सिमेंट-वाळूचा थर लागतो. प्रमाण साधारण एकास सहा. दोन इंच जाडीचा थर शंभर चौरस फुटांवर घालायचा तर ओला माल सुमारे १६.७ घनफूट. पाणी पडल्यावर माल बसतो, म्हणून कोरडा माल एक तृतीयांश जादा, २२ घनफूट. त्याचे सात भाग केले की सिमेंट ३.२ घनफूट आणि वाळू १९ घनफूट. पन्नास किलोचं पोतं सव्वा घनफुटाला किंचित कमी भरतं, म्हणजे २.६ पोती. वर टाइल बसवताना सिमेंटची रबडी ओततात तिला ३० ते ४० किलो. शंभर फुटांना सव्वातीन-साडेतीन पोती असं लक्षात ठेवलं तरी चालेल.

आपल्या ३९६ फुटांना १३ पोती सिमेंट आणि ७५ घनफूट वाळू. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे पाऊण ब्रास. आता नदीची वाळू मिळायची मारामार, एम-सँडच वापरतात, आणि ती पाऊण ब्रास कोणी आणून टाकत नाही. एक ब्रास धरा.

सगळ्यात मोठा धोका या थराच्या जाडीत आहे. जुनी जमीन एका कोपऱ्यात खचलेली असते. थर सरासरी दोनऐवजी तीन इंच झाला तर सिमेंट १३ वरून १८ पोत्यांवर जातं आणि वाळू एक ब्रासच्या पुढे. गवंड्याला काम सुरू व्हायच्या आधीच पाण्याची नळी लावून चारही कोपऱ्यांची पातळी खुणा करून दाखवायला सांगा. अर्ध्या तासाचं काम आहे. तो टाळाटाळ करत असेल तर दुसरा गवंडी बघा, असंच मी म्हणेन.

सांधे भरायच्या पावडरीचा हिशेब करत बसू नका. दोन मिलिमीटरचा सांधा असेल तर मोठ्या टाइलला शंभर फुटांना किलोभर लागते.

आता सगळं एकत्र लिहू.

टाइल ३३ पेट्या, पेटीला ७०० धरून २३,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ४,१५८, मिळून २७,२५८
सिमेंट १३ पोती, ४०० प्रमाणे ५,२००
वाळू १ ब्रास ५,०००
बसवण्याची मजुरी ३९६ फूट, ३० प्रमाणे ११,८८०
स्कर्टिंग १२५ फूट, २० प्रमाणे २,५००
जुनी फरशी उखडणे ३९६ फूट, १० प्रमाणे ३,९६०
राडारोडा दोन ट्रॉल्या ३,०००
टेम्पो आणि हमाली १,८००
सांध्यांची पावडर व किरकोळ ६००
एकूण ६१,१९८ रुपये

याला ३९६ ने भागा. फुटाला १५५ रुपये. दुकानात ४५ सांगितलेली फरशी पायाखाली येईपर्यंत १५५ ची झाली. यात कोणी लबाडी केलेली नाही, हे लक्षात घ्या. टाइलची किंमत एकूण खर्चाच्या निम्मीसुद्धा नाही, एवढंच. म्हणून ४५ ऐवजी ५५ ची टाइल घेतली तर घराचा खर्च फक्त सहा हजारांनी वाढतो, आणि चाळीसची घेतली तर फक्त तीन हजार वाचतात. टाइलच्या भावात घासाघीस करण्यात एक दिवस घालवण्यापेक्षा उखडणं, वाहतूक आणि थराची जाडी यांकडे बघावं. यावर अडीअडचणीला दहा टक्के ठेवा. ६७ हजारांची तयारी असेल तरच कामाला हात घाला.

हमालीची ओळ बारीक दिसते, पण एक पेटी २८-३० किलोची असते. तेहतीस पेट्या म्हणजे जवळजवळ एक टन. वरच्या मजल्यावर चढवायच्या असतील तर आधी ठरवून घ्या.

उखडायचं तरी का?

उखडणं, राडारोडा, सिमेंट आणि वाळू यांची बेरीज १७,१६० होते. जुन्या जमिनीवरच टाइल चिकटवली तर हा खर्च वाचतो. चिकटवण्याच्या पावडरीचं २० किलोचं पोतं तीन मिलिमीटर थराने ४५ ते ५० फूट जातं. नऊ पोती, ४५० प्रमाणे ४,०५० रुपये. निव्वळ बचत तेरा हजार. आमच्या बँकेच्या भाषेत हा प्रस्ताव मंजुरीयोग्य आहे, पण अटींसह.

अट एक, जुनी फरशी घट्ट बसलेली हवी. काठीने ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथली फरशी काढून पुन्हा बसवल्याशिवाय वर काही लावायचं नाही. बेळगावच्या पावसात ज्या घराच्या जमिनीला ओल येते तिथे आधी ओलीचा बंदोबस्त, मग टाइल. अट दोन, जमीन अर्धा इंच वर येते. दारं खालून रंधून घ्यावी लागतात, त्याचे सुताराचे पैसे धरा. अट तीन मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. घरात जिना असेल तर पहिली पायरी अर्धा इंच बुटकी होते, आणि न्हाणीकडे जाताना नवा उंचवटा तयार होतो. चाळीस वर्षं पायाला सवय झालेल्या म्हाताऱ्या माणसाला तो अर्धा इंच अंधारात अडखळवतो. तेरा हजार वाचवून खुब्याचं हाड मोडलं, तर तो हिशेब कुठल्या वहीत मांडायचा?

तिसरा पर्याय कोणी विचारात घेत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहितो. गुलबर्ग्याकडची शहाबादी फरशी हा चुनखडीचा भक्कम दगड आहे. ती जागेवर घट्ट असेल तर फुटलेल्या दहा-बारा लाद्या बदलून, सांधे भरून, मशीन फिरवून घ्या. फुटाला १८ रुपये धरले तरी ७,१०० रुपये आणि लाद्या बदलण्याचा खर्च वेगळा. आरशासारखी चमक येणार नाही, पण उन्हाळ्यात पायाला गार लागते आणि पाहुण्यांना घर जुनं म्हणून आवडतंही. फक्त तिच्यावर ॲसिड ओतून धुवायचं नाही. चुनखडीचा दगड आंबट पदार्थाने खाल्ला जातो, लिंबू सांडलं तरी डाग पडतो. माझं मत विचाराल तर, दगड शाबूत असेल तर सत्तर हजार घालायची गरज नाही. मुलं म्हणतात ‘काय ते जुनाट’, पण मुलं वर्षातून आठ दिवस राहतात.

आणि उखडायचीच असेल तर निघालेल्या शाबूत लाद्या गाडीत घालून देऊ नका. परड्यात, तुळशीभोवती, मोरीजवळ त्या उपयोगी पडतात, आणि राडारोडाही कमी होतो.

न्हाणीघरासाठी वेगळी टाइल लागते हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, तरी दुकानात गेल्यावर चकचकीत टाइलच हातात येते. पाय न घसरणारी, खरखरीत पृष्ठभागाची मागा. दुकानात तिच्यावर थोडं पाणी टाकून चप्पल काढून उभे राहून बघा, दुकानदार हसला तर हसू द्या. न्हाणीघराला उतार हवा, दहा फुटांना दीड इंच या हिशेबाने सहा फुटी न्हाणीघरात जवळजवळ एक इंच. त्या उतारामुळे दाराकडचा थर जाड होतो, म्हणून तिथलं सिमेंट-वाळूचं माप वेगळं काढा.

गवंडी, कागद आणि पैसा

मजुरीचा दर विचारताना दरात काय काय येतं ते विचारा. स्कर्टिंग धरून की वेगळं? कापण्याच्या चाकाचे पैसे कोणाचे? माल आत कोण वाहून नेणार? आठवडाभर पाणी कोण मारणार? आणि शेवटचं माप जागेवर दोघांनी मिळून घ्यायचं की त्याने सांगितलेलं मान्य करायचं? हे सगळं एका साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करावी. गवंड्यावर अविश्वास दाखवण्यासाठी नव्हे. तो एका वेळी तीन कामं करत असतो आणि बोललेलं त्याच्याही लक्षात राहत नाही.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या, जसं काम पुढे जाईल तसे. थोडी उचल सुरुवातीला, मग खोली झाली की खोलीचे. शेवटचे दहा टक्के पंधरा दिवस हातात ठेवा, त्या अवधीत नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून बघा. पोकळ वाजली तर ती उचलून परत बसवून घ्यायची. पैसे चुकते झाल्यावर त्यासाठी त्याला बोलावणं किती अवघड असतं ते आपण सगळे जाणतो. काम शक्यतो पावसाळा टाळून काढा. जूनमध्ये वाळू भिजलेली येते, उखडलेल्या घरात पाणी शिरतं, आणि पेरणीच्या दिवसांत खेड्यातले गवंडी गावी जातात.

पाच-दहा हजार कमी पडले म्हणून मोठी ठेव मोडू नका. मुदतीआधी मोडल्यास बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कमी देतात, आणि तो फटका सगळ्या रकमेला बसतो. ठेवीवर उचल मिळते, तिचा व्याजदर ठेवीपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो, पण तो फक्त घेतलेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचा. दोन-तीन महिन्यांत फेडणार असाल तर हेच स्वस्त पडतं. यापुढे नवी ठेव करताना दोन लाखांची एक करण्यापेक्षा पन्नास हजारांच्या चार करा, वेळ आली तर एकच मोडावी लागेल.

रक्कम मोठी असेल आणि घरदुरुस्तीचं कर्ज काढायचं असेल, तर वरच्यासारखं ओळवार अंदाजपत्रक जोडा. कर्ज साधारणपणे पूर्ण खर्चाएवढं मिळत नाही, काही भाग स्वतः घालावा लागतो, तो आधी बाजूला काढून ठेवा. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांना स्वतःच्या राहत्या घराच्या दुरुस्तीकर्जावरच्या व्याजाची वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही.

टाइल, सिमेंट, पॉलिश, सगळ्याची जीएसटीची पक्की बिलं घ्या. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असं ऐकायला मिळतं. पण उद्या माल खराब निघाला किंवा शेड वेगळी आली, तर हातात काही नसतं. शिवाय पुढे कधी घर विकलं तर सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा मागता येतो. फरशीचा खर्च त्यात बसतो की नाही हे तुमचे सीए सांगतील, पण बिल नसेल तर विचारायचीही सोय राहत नाही.

उरलेली पेटी माळ्यावर आडवी न ठेवता भिंतीला टेकवून उभी ठेवा, आणि तिच्यावर पेनाने लिहून ठेवा : कोणत्या खोलीची, कोणत्या साली, कोणत्या दुकानाची. बिलाची एक झेरॉक्स त्याच पेटीत सरकवून ठेवलेली बरी. शाई उडते, म्हणून मूळ बिलाचा मोबाईलवर फोटो काढून घरातल्या आणखी एकाला पाठवा.